हवालदिल आणि दिलासा

(नाशिक येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



गोदाघाटावर दर मे महिन्यात व्याख्यानं ऐकत वाढलेल्या गावात बोलायला उभं राहायचं म्हणजे थोडी धाकधूक असतेच. इथल्या श्रोत्यांनी आमच्यापेक्षा चांगली भाषणं ऐकलेली असतात. म्हणून आम्ही विषय लहान घेतला आहे. एकच शब्द घेतला आहे. तो तुम्ही सगळ्यांनी वाचलेला आहे. नाशिकमध्ये वर्तमानपत्र येतं अशा कुठल्याही घरात तो वर्षातून पाच-पंचवीस वेळा येऊन जातो. शब्द आहे 'हवालदिल'.

'अवकाळीने द्राक्ष बागायतदार हवालदिल.' 'दर कोसळल्याने कांदा उत्पादक हवालदिल.' 'निर्यातबंदीने शेतकरी हवालदिल.' या धाटणीचे मथळे आपल्या इतके अंगवळणी पडलेत की, 'हवालदिल' दिसलं की पुढे 'शेतकरी' असणार हे न वाचताच कळतं.

हा शब्द आमच्या डोक्यात कसा शिरला, ते आधी सांगतो. आम्ही मराठी शिकवणारी माणसं. वर्गात एकदा शब्द देऊन वाक्यं करायला सांगितली होती. त्यात हवालदिल होता. सगळ्या वह्यांमध्ये जवळपास एकच वाक्य आलं: अवकाळी पावसाने शेतकरी हवालदिल झाले. वर्गातली निम्म्याहून अधिक मुलं शेतकऱ्यांच्या घरची. म्हणून आम्ही सहज विचारलं, तुमच्या घरी हा शब्द कोण वापरतं? कोणीच बोलेना. मग चांदवडकडची एक मुलगी म्हणाली, "सर, आमच्या घरी असं कोणी बोलत नाही. हे पेपरातलं आहे." मग तुझे वडील काय म्हणतात? ती म्हणाली, "पप्पा म्हणतात, पट्टीच निघाली नाही."

आजचं सगळं बोलणं या दोन वाक्यांमधल्या अंतराबद्दल आहे. शेतकरी हवालदिल झाला, हे एक वाक्य. पट्टीच निघाली नाही, हे दुसरं.

आधी शब्दाचं कूळ पाहू. हवालदिल ऐकला की अनेकांना हवालदार आठवतो, काहींना हवाला आठवतो. (हशा) त्या दोघांचा याच्याशी काही संबंध नाही. हवालदार आला 'हवाला' म्हणजे ताबा, सोपवणं, यावरून. आपला शब्द आला अरबी 'हौल' आणि फारसी 'दिल' यांच्या जोडीतून. हौल म्हणजे भय, धास्ती. दिल म्हणजे काळीज. ज्याच्या काळजात भय शिरलं तो हौलदिल. छातीत होणाऱ्या धडधडीलाही तिकडे हाच शब्द होता. मुघल काळात काळजाची ही धडधड शमावी म्हणून छातीवर रुळेल असा जेड दगडाचा ताईत घालत, त्याला 'हौलदिली' म्हणत. हा ताईत लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा लागणार आहे.

मराठीत हा शब्द राज्यकारभाराच्या फारसीबरोबर आला आणि राहिला. शिवकाळात रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश केला, विसाव्या शतकात आपल्या भगूरच्या सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. अशी मोठी खटपट होऊनही हवालदिल टिकला, कारण त्याच्या जागी नेमका बसेल असा दुसरा शब्द नव्हता. तुम्ही म्हणाल, हताश आहे, हतबल आहे, हतबुद्ध आहे. पण जरा थांबून पाहू. हताश म्हणजे आशा मारली गेलेला. हतबल म्हणजे बळ मारलं गेलेला. हतबुद्ध म्हणजे ज्याची बुद्धीच चालेनाशी झाली तो. या तिन्ही शब्दांत घाव होऊन गेलेला आहे. हवालदिल माणसावर घाव अजून पडायचा आहे. तो पडणार, हे त्याला दिसतंय. किती मोठा आणि कधी, हे दिसत नाही. भय नेहमी पुढे होणाऱ्या गोष्टीचं असतं. झालेल्या गोष्टीचं दुःख असतं, राग असतो, हिशेब असतो.

मथळ्यांनी हा फरक पुसून टाकला. 'ह'ने सुरू होणारे चारही शब्द एकाच डब्यात टाकले आणि जागेला बसेल तो उचलला. गारपीट होण्याआधी शेतकरी हवालदिल, गारपिटीत हवालदिल, बाग झोपल्यावर महिन्यानेही हवालदिल.

मग हा शब्द खरा कुठे लागू पडतो? आमचं म्हणणं असं की, तो लिलावाच्या आवारात लागू पडत नाही, कांद्याच्या चाळीत पडतो. ज्यांच्या घरी शेती नाही त्यांच्यासाठी सांगतो. उन्हाळ कांदा साधारण मार्च ते मे या काळात निघतो. तो टिकतो, म्हणून शेतकरी चाळीत भरतो आणि भाव बघून पावसाळाभर थोडा थोडा काढतो. लाल कांदा टिकत नाही, तो काढला की विकावाच लागतो. आता चाळ भरलेल्या माणसाची स्थिती पाहा. आत कांदा सडतोय का, वजन किती घटलं, कोंब फुटले का, भाव अजून चढेल की आजच ट्रॉली भरावी, आणि दिल्लीहून काही आदेश तर निघणार नाही ना? रात्री चाळीजवळून जाताना वास येतो आणि पोटात गोळा येतो. हे खरं हौल. या चार-पाच महिन्यांत तो माणूस शब्दाच्या मूळ अर्थाने हवालदिल असतो आणि नेमक्या त्याच महिन्यांत त्याची बातमी नसते. बातमी होते भाव पडल्यावर. तोपर्यंत भय संपलेलं असतं, कारण ज्याचं भय होतं ते घडून गेलेलं असतं. आता त्याच्या हातात पट्टी असते.

पट्टी म्हणजे बाजारात माल विकल्यावर मिळणारा हिशेबाचा कागद. वजन इतकं, भाव इतका, त्यातून हमाली, तोलाई, वाराई वजा, हातात इतके. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला. सगळा खर्च वजा जाता त्याला २ रुपयांचा धनादेश मिळाला, तोही पुढच्या तारखेचा. त्या कागदाचा फोटो महाराष्ट्रभर फिरला. खर्च विक्रीपेक्षा जास्त झाला की शेतकऱ्यालाच पैसे द्यावे लागतात, त्याला 'उलटी पट्टी' म्हणतात. आता त्या ५१२ किलोवाल्या माणसाला हवालदिल म्हणायचं का? काळजात भय शिरलं म्हणायचं? त्याच्यापुढे तर वजाबाकी आहे, आणि ती त्याला आपल्यापेक्षा बरी कळते.

आता त्या ताईताकडे येऊ.

मराठीत दिलाचे बरेच शब्द आहेत. दिलदार, दिलखुलास, दरियादिल. त्यातला एक हवालदिलचा सख्खा भाऊ आहे आणि तो नेहमी त्याच्या पाठोपाठ येतो. तो म्हणजे 'दिलासा'. फारसीत दिल-आसा म्हणजे काळजाचं सांत्वन. आपल्या वर्तमानपत्रांत ही जोडी ठरलेली आहे. सोमवारी शेतकरी हवालदिल, गुरुवारी शेतकऱ्यांना दिलासा. पहिल्या मथळ्यात काळीज घाबरतं, दुसऱ्यात त्याच काळजावर हात फिरवला जातो.

उदाहरण घेऊ. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. तारीख पाहा. उन्हाळ कांदा चाळीत आहे, सहा महिन्यांचं भांडवल तिथे अडकलेलं आहे. नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमध्ये लिलाव बंद पडले. तीन दिवसांनी जाहीर झालं की, सरकार आणखी २ लाख टन कांदा २,४१० रुपये क्विंटलने खरेदी करेल. झाला दिलासा. पुढे त्याच वर्षी ८ डिसेंबरपासून निर्यातबंदी लागली, तीही लाल कांदा, म्हणजे न टिकणारा कांदा, बाजारात येत असताना. ती ३१ मार्च २०२४पर्यंत असेल असं सांगितलं होतं. मग ती वाढली आणि ४ मे २०२४ला उठली. त्या दिवशी पुन्हा दिलासा.

निर्यात शुल्क लावावं की लावू नये, हा अर्थशास्त्राचा वाद आहे. शहरात कांदा महागला की गरिबाच्या ताटावर परिणाम होतो, हेही खरं. तो वाद आज इथे आम्ही सोडवणार नाही. आमचा मुद्दा भाषेचा आहे. ज्याचं नुकसान एका आदेशाने झालं, त्याच्या नुकसानीचं वर्णन आपण भीती म्हणून केलं, तर त्यावरचा उपाय आपोआप धीर देणं हा होतो. भीतीला धीर लागतो, ताईत लागतो. तेच वर्णन वजाबाकी म्हणून केलं, तर उपाय बेरजेचा मागावा लागतो. शब्द बदलला की मागणीच बदलते. म्हणून हा नुसता शब्दांचा खेळ राहत नाही.

आणि दिलाच्या कुळातला तिसरा शब्द या बातम्यांमध्ये कधी सापडत नाही. 'दिलगिरी'. हवालदिल आणि दिलासा यांच्या मधल्या जागेत तो यायला हवा होता. कोणाच्या तरी निर्णयाने कोणाचं तरी काळीज धास्तावलं, मग ज्याचा निर्णय तो दिलगीर हवा. पण तो सापडणार कसा? 'शेतकरी हवालदिल' या वाक्यात कर्ता शोधून पाहा. हवालदिल झाला तो आहे. ज्याने केला तो नाही. फार तर 'दर कोसळल्याने'. दर आपले आपण कोसळतात, जसा पाऊस आपला आपण पडतो. अवकाळी पावसाला कर्ता नसतो, हे बरोबर. पण पावसासाठी असलेली वाक्यरचना आपण अधिसूचनेलाही वापरायला लागलो. गारपीट आणि सरकारी आदेश एकाच व्याकरणात बसवले.

याच्या उलट बाजू पाहा. कांदा महाग झाला की मथळा काय असतो? 'कांद्याने रडवले', 'कांदा गृहिणींच्या डोळ्यांत पाणी आणणार'. इथे कर्ता लगेच सापडतो, खुद्द कांदा! (हशा) १९९८ साली दिल्लीत कांदा महागला आणि विधानसभा निवडणुकीत तिथल्या सत्ताधारी पक्षाला त्याचा फटका बसला, ही गोष्ट राजकारणातल्या प्रत्येकाला पाठ आहे. महाग कांद्याचा गुन्हेगार सापडतो, स्वस्त कांद्याचा सापडत नाही.

इथे कोणी म्हणेल, तुम्ही पत्रकारांवर फार बोलताय. रात्री अकरा वाजता पान लावायचंय, दोन कॉलमांची जागा आहे, तिथे उलट्या पट्टीचा हिशेब कसा मावणार? हे आम्हांला मान्य आहे. तालुक्यातून बातमी पाठवणारा वार्ताहर बहुतेक वेळा स्वतःच शेतकऱ्याचा मुलगा असतो. त्याच्याही घरी चाळ असते. त्याला कळवळा नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. खरं तर कळवळ्यामुळेच तो हवालदिल लिहितो. आपल्या माणसाचं दुःख शहरातल्या माणसाला दिसावं, हा त्याचा हेतू असतो. एके काळी त्या शब्दाने ते काम केलंही असेल. आता तो रोजचा झाला. रोज वाजणारी घंटा कानाला ऐकू येते, माणूस मात्र जागचा उठत नाही.

मग लिहायचं कसं? याचे धडे आपल्याकडे आहेत आणि तेही जवळचेच आहेत.

पहिला धडा महात्मा फुल्यांचा. १८८३च्या सुमारास त्यांनी शेतकऱ्यांवर जे पुस्तक लिहिलं त्याचं नाव पाहा: 'शेतकऱ्याचा असूड'. शेतकऱ्याची दैना त्यात पानोपानी आहे. पण शीर्षकात दैना नाही, असूड आहे. दैना सांगताना जोतीराव सारा, कर्ज, कोर्टकचेऱ्या, नोकरशाही, धर्माच्या नावाने होणारी लूट यांची एकेक करून यादी देतात. वाचक कळवळून थांबत नाही, कारण प्रत्येक दुःखापुढे कोणी आणि कसं हे लिहिलेलं आहे.

दुसरा धडा कादंबरीचा. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकलेला, नोकरी न मिळालेला, शेतीत अडकलेला एकनाथ हा तिचा नायक. ती विदर्भातली गोष्ट आहे, पण निफाड-येवल्याच्या वाचकालाही ती परकी वाटत नाही. या कादंबरीत एखादा मोठा धक्का येऊन सगळे हवालदिल होतात असं होत नाही. नावच सांगतं, हे बारा महिन्यांचं आहे. घरातली कुरबुर, बियाण्याचे पैसे, भावाभावांतला ताण यांतून ते साचत जातं. मथळ्याला जो एक दिवस दिसतो, त्याच्या मागचे तीनशे चौसष्ट दिवस कादंबरी दाखवते.

तिसरा धडा आपल्या गावाचा आहे. कुसुमाग्रजांची 'कणा' ही कविता इथे कोणाला सांगायची गरज नाही. दुतोंड्या मारुती किती बुडाला यावर पूर मोजणाऱ्या गावाला ती वेगळीच भिडते. पुराने घर धुऊन नेलेला जुना विद्यार्थी सरांकडे येतो. या प्रसंगाची बातमी केली असती तर 'पूरग्रस्त हवालदिल' एवढीच झाली असती. कवितेत तो मुलगा काय गेलं आणि काय राहिलं याचा हिशेब सांगतो. बायकोला घेऊन तो कामाला लागला आहे, हेही सांगतो. सरांचा हात खिशाकडे जातो तेव्हा तो उठतो. त्याला पैसे नको आहेत, पाठीवर हात हवा आहे. आता कोणी म्हणेल, हाही दिलासाच झाला की! झाला. पण तो मागणाऱ्याने मागितलेला आहे, कशासाठी हवा ते सांगून मागितलेला आहे, आणि सरांनी त्याचं घर वाहवलेलं नाही. ज्याने घर वाहवलं त्याने पाठीवर हात ठेवणं ही वेगळी गोष्ट. आणखी एक पाहा. आपले मथळे म्हणतात, शेतकऱ्यांचं कंबरडं मोडलं. कुसुमाग्रजांना त्याच शरीरात न मोडलेला कणा दिसला. त्यांनी दुःख कमी दाखवलं असं नाही. त्यांनी माणूस पुरा दाखवला.

चौथा धडा कोणा लेखकाचा नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने साडेसात क्विंटल कांदा विकला. त्याचे १,०६४ रुपये आले. त्याने ते सगळे पैसे मनिऑर्डरने पंतप्रधानांच्या नावे पाठवून दिले, वर मनिऑर्डरचा खर्च स्वतः केला. आम्ही त्या मनिऑर्डरीकडे एक मजकूर म्हणून पाहतो. त्यात कर्ता आहे, रक्कम आहे आणि पत्ता आहे. काळजाबद्दल एक अक्षर नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत शेतकरी, आदिवासी चालत गेले. ६ तारखेला निघाले, १२ तारखेला पोहोचले, सुमारे १८० किलोमीटर. मुंबईत दहावीची परीक्षा देणाऱ्या मुलांना अडचण नको म्हणून शेवटचा टप्पा रात्रीतून चालले. ती माणसं हवालदिल होती का? असतीलही. पण दुसऱ्यांच्या मुलांच्या परीक्षेचा विचार करण्याइतकं त्यांचं मन ठिकाणावर होतं. 'हवालदिल' लिहिल्यावर हे मन आपल्याला दिसत नाही.

शेतकरी संघटनेने याच जिल्ह्यात १९८० साली ऊस-कांद्याचं आंदोलन केलं. त्या संघटनेची घोषणा जुन्या मंडळींना आठवत असेल: 'भीक नको, हवे घामाचे दाम'. आमचं आजचं सगळं भाषण त्या घोषणेत आहे, असं म्हटलं तरी चालेल. दिलासा की दाम, एवढाच प्रश्न आहे.

शेवटी एक-दोन गोष्टी. हवालदिल हा शब्द टाकून द्या, असं आम्ही म्हणत नाही. चांगला शब्द आहे, जुना आहे. त्याला त्याच्या जागी ठेवा. चाळीतल्या रात्रीसाठी ठेवा. बागेवर ढग आलेत आणि माल उतरवायला आठ दिवस आहेत, त्या आठ दिवसांसाठी ठेवा. पण नुकसान होऊन गेलं की तो बाजूला काढा आणि तीन प्रश्न विचारा: किती रुपयांनी, कोणत्या निर्णयाने, आणि तो निर्णय कोणाचा? पावसाने झालं असेल तर पाऊस लिहा आणि पंचनामा कधी झाला ते लिहा. शब्द बदलल्याने भाव क्विंटलमागे एक रुपयानेही चढणार नाही, हे आम्हांला कळतं. पण जे मागायचं आहे ते निदान बरोबर नावाने मागितलं जाईल.

त्या मुलीच्या वहीकडे परत जातो. तिने वाक्य लिहिलं होतं ते सगळ्यांसारखंच, अवकाळीचं. परीक्षेच्या दृष्टीने बरोबर होतं, आम्ही बरोबरची खूण केली. नंतर तिचं उत्तर ऐकून पुन्हा वही मागून घेतली आणि समासात लिहिलं, घरी बोलतात तेही वाक्य लिहून आण. दुसऱ्या दिवशी तिने आणलं. 'कांदा चाळीत आहे तोवर आई रात्री दोनदा उठते.' त्या वाक्यात हवालदिल हा शब्द कुठेच नव्हता. पण त्याचा खरा अर्थ आम्हांला तेव्हा कळला.